छातीतल्या गाठीने उतरणारी साखर: बोट टोचायचं की दंडाला सेन्सर लावायचा?

फुप्फुसाच्या आवरणावर गाठ निघाली आहे, तिच्यापायी रोग्याची शुगर रात्री-पहाटे खाली जाते आहे आणि ऑपरेशनची तारीख अजून लांब आहे, अशा घरांसाठी हे लिहितो आहे. तारीख येईपर्यंत रोग्याला घरीच सांभाळायचं असतं आणि साखरेवर नजर ठेवायला आपल्या हातात दोनच वस्तू असतात. एक म्हणजे बोट टोचून थेंबभर रक्तावर चालणारं नेहमीचं मशीन. दुसरी म्हणजे दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवायचा १४ दिवसांचा सेन्सर. चोपडा तालुक्यातल्या आमच्या घरी नानांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी, दोन्ही वापरून झालं. हा आजार इतका दुर्मीळ, की ‘तुम्ही काय घेतलं’ असं विचारायला भावकीत, गावात, तालुक्यात कुणी सापडत नाही. म्हणून जरा सविस्तर मांडतो.

या दोन साधनांबद्दल वाचायला गेलात तर जे काही हाती लागतं ते सगळं डायबेटिसवाल्यांसाठी लिहिलेलं असतं. त्यांचं दुखणं वेगळं. त्यांची साखर वाढते, आणि कधी खाली गेलीच तर बहुतेक वेळा गोळीने किंवा इन्सुलिनने जाते. औषधाचा जोर ओसरला की तो प्रसंग टळतो. आपल्या रोग्याची साखर खाली ओढणारी गोष्ट छातीतच बसलेली असते आणि ती रात्रंदिवस काम करत असते. सॉलिटरी फायब्रस ट्यूमर म्हणतात ती ही गाठ. ती आयजीएफ-२ नावाचं द्रव्य, तेही नेहमीपेक्षा मोठ्या, पुरतं न घडलेल्या रूपात, रक्तात सोडत राहते. हे द्रव्य इन्सुलिनसारखं वागतं. यकृत साखर सोडायचं थांबवतं, स्नायू मात्र साखर ओढतच राहतात. एरवी उपाशीपोटी चरबी जळून कीटोन तयार होतात आणि मेंदूला त्यांचा आधार मिळतो. या आजारात तेही दबलेले असतात. तपासणीत मात्र इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड (स्वादुपिंड इन्सुलिनसोबत सोडतं ते द्रव्य) दोन्ही कमी येतात. नानांचे ते दोन आकडे बघूनच आमच्या फिजिशियनांनी स्वादुपिंडाचा नाद सोडला आणि छातीचा एक्स-रे काढायला लावला. १९३० साली डोगे आणि पॉटर या दोन डॉक्टरांनी अशा रोग्यांची नोंद वेगवेगळी केली, म्हणून याला डोगे-पॉटर सिंड्रोम म्हणतात. ही गाठ असलेल्या शंभरांत पाच जणांचीही साखर खाली जात नाही, आणि ज्यांची जाते त्यांची गाठ बहुधा १० सेंटिमीटरच्या पुढची असते. नानांची तर सोललेल्या नारळाहून मोठी होती.

हे सांगायचं कारण असं, की साखर कशासाठी मोजायची हेच आपल्याकडे बदलतं. तीन महिन्यांची सरासरी आपल्या काही कामाची नाही. जेवणानंतरचा आकडाही, स्टिरॉइड चालू नसेल तर, फारसा महत्त्वाचा नाही. आपल्याला हवी असते ती रात्री अकरा ते सकाळी सहाच्या दरम्यान उतरणाऱ्या साखरेची चाहूल, आणि तीही ७० च्या खाली जायच्या आत. ५४ च्या खालचा आकडा म्हणजे गंभीर. त्या वेळी नानांना दरदरून घाम सुटायचा, बोलण्याचा ताळमेळ राहायचा नाही, आईला ओळखायचे नाहीत. साखरपाणी पोटात गेलं की थोड्या वेळात उठून बसायचे आणि काय झालं ते त्यांना आठवायचंही नाही. त्यात आणखी एक गोष्ट अशी, की साखर वारंवार खाली जाऊ लागली की शरीराला त्याची सवय होते. हातापायांची थरथर, छातीची धडधड ही आधीची लक्षणं पुसट होत जातात आणि माणूस एकदम गोंधळलेल्या अवस्थेतच सापडतो. म्हणून लक्षणांवर भरवसा ठेवून चालत नाही. साधन लागतंच.

मशीनच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते मी मनापासून बोलतो. ते प्रत्यक्ष रक्त मोजतं. पट्ट्या चोपड्यात, शिरपुरात, यावलला, कुठल्याही मेडिकलवर मिळतात. मोबाइल लागत नाही, रेंज लागत नाही, चार्जिंग लागत नाही. घरातलं कुणीही चार दिवसांत शिकतं. डॉक्टरांना फोनवर आकडा सांगितला तर ते लगेच मानतात. त्यालाही मर्यादा आहेत. मशीनच्या आंतरराष्ट्रीय मापदंडातच १०० च्या खालच्या आकड्यांना १५ इकडे-तिकडे मुभा दिलेली आहे. म्हणजे पडद्यावर ६५ दिसले तर खरी साखर ५० असू शकते आणि ८० सुद्धा. शिवाय तो त्या क्षणाचा एक आकडा असतो. ६८ आले, पण ते चढताना आले की उतरताना, हे मशीन सांगत नाही. जेवून तासभर झालेल्या माणसाचे ६८ आणि पहाटे चारचे ६८ यांत मोठं अंतर आहे.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. मला मशीनपासून दूर नेलं ते रात्री तीनच्या बोटाने.

नानांचे हात जन्मभर केळीत राबलेले. पिलं काढणं, पानं कापणं, घड उतरवणं. चिकाचे काळे डाग आता साबणाने जात नाहीत आणि बोटांच्या टोकांना घट्टे आहेत. त्यात या गाठीचा आणखी एक प्रताप म्हणजे बोटांची टोकं जाड, गोलसर होतात आणि नखं फुगीर. सगळ्यांची होत नाहीत, नानांची झाली होती. अशा बोटात टोचणीची सुई नेहमीच्या खोलीवर शिरतच नाही. तिचा आकडा शेवटापर्यंत फिरवावा लागतो. बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचा, हे कळायला आम्हाला वेळ लागला नाही, पण कडेलाही कातडी तशीच.

त्याआधी हात धुण्याचं काम. झोपताना नाना केळं खायचे, कधी गुळाचा खडा, मध्येच ग्लुकोजची पावडर. बोटाला फळाचा किंवा गुळाचा अंश राहिला तर थेंबातली साखर खऱ्याहून कितीतरी जास्त दिसते. केळं सोललेल्या हाताचं बोट टोचलं तर खाली गेलेली साखरही ठीकठाक असल्यासारखी दिसू शकते, आणि आपल्या रोग्यासाठी याहून वाईट फसगत नाही. पुसून काम भागत नाही, स्पिरिटच्या बोळ्यानेही भागत नाही, हात पाण्याने धुवावे लागतात, हे आम्हाला वॉर्डातल्या सिस्टरांनी बजावून सांगितलं होतं. माघातली थंडी होती. गार पाण्याने हात धुतले की बोटं आकसतात आणि रक्त येत नाही, म्हणून थर्मासमध्ये कोमट पाणी भरून ठेवायचं. तीन वाजता दिवा लावायचा, नानांना उठवून बसवायचं, तसराळ्यात हात धुवायचे, कोरडे करायचे, हात खाली सोडून ठेवायचा, टोचायचं. थेंब अपुरा आला की पडद्यावर एरर यायचा आणि पट्टी वाया जायची. बोट जोरात पिळलं तर रक्तात आतलं पाणी मिसळतं आणि आकडा बिघडतो, म्हणून पिळायचंही बेतानेच. दुसरं बोट. कधी तिसरं. तोवर आई उठलेली, बायको उठलेली, नाना वैतागलेले. “मले काही व्हयनं नही, झोपू दे.”

खरा घोटाळा या वाक्यात आहे. साखर उतरली की माणूस चिडचिडा होतो, हट्टाला पेटतो, हात झटकतो. आणि गाढ झोपेतून उठवून बोट टोचलेला माणूसही तेच करतो. नाना चिडले ते झोपमोडीने की साखर उतरल्याने, हे कसं ओळखायचं? ज्या लक्षणावर नजर ठेवायची तेच आपण आपल्या हाताने तयार करायचं, असा प्रकार. पुढेपुढे नाना झोपतानाच दोन्ही हात गोधडीत खोल घेऊन, अंगाखाली दाबून झोपू लागले. आई म्हणायची, आजची रात्र राहू दे, बरे दिसताहेत. तिचं काही चुकत नव्हतं. पण जे साधन वापरायला जीव धजावत नाही ते कितीही अचूक असलं तरी रात्री तीनला त्याचा काय उपयोग? माझा कौल तिथेच फिरला.

सेन्सर आणल्यावर पहिला फरक पडला तो नानांच्या झोपेत. दंडाजवळ मोबाइल नेला की शर्टाच्या बाहीवरूनच आकडा येतो. दिवा लावायचा नाही, उठवायचं नाही. आकड्याशेजारी बाण असतो, तो साखर कुठल्या दिशेने आणि किती वेगाने चालली आहे ते दाखवतो. ९० आणि बाण सरळ खाली, हे मला कोणत्याही स्थिर ७२ पेक्षा जास्त उपयोगाचं वाटतं, कारण त्यात काहीतरी करायला हाताशी वेळ असतो. काही सेन्सर खाली गेल्यावर आपणहून वाजतात, काही फक्त मोबाइल जवळ नेल्यावर बोलतात. आपल्याला वाजणाराच हवा, यात तडजोड करू नका. वाजण्याचा आकडा आम्ही डॉक्टरांना विचारून ८० वर ठेवला होता. ७० वर वाजला तर आपण उठून भानावर येईपर्यंत उशीर होतो.

दुसरा फायदा आधी ध्यानात आला नव्हता, तो रात्रभराच्या आलेखाचा. मशीनवर आम्ही तीन वाजता बघायचो, म्हणून आमच्या लेखी साखर तीनला उतरत होती. आलेखात दिसलं की उतरण दीडच्या सुमारालाच सुरू होते, तीनला आपण फक्त तळ बघतो. नाना झोपताना कच्चं कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून घ्यायचे. कच्चंच घ्यायचं असतं, ते हळूहळू पचतं आणि साखर सावकाश सोडतं, शिजवलं की तो गुण जातो. आलेख बघून डॉक्टरांनी त्याची वेळ पुढे सरकवून मध्यरात्रीवर आणली आणि प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळीचा डोसही त्याप्रमाणे बसवला. सकाळी घेतलेल्या त्या गोळीने संध्याकाळची साखर चढायची आणि पहाटे मात्र आधार कमी पडायचा, हेही आलेखातच नीट दिसलं. पहाटेच्या एकेका आकड्यावरून हे कळलं असतं का? कदाचित कळलंही असतं, पण बऱ्याच रात्री खर्ची पडल्या असत्या.

आता सेन्सरच्या खोडी, कारण त्या कमी नाहीत.

तो रक्त मोजत नाही, कातडीखालचं पाणी मोजतो, आणि त्या पाण्यात साखर पाच-दहा मिनिटं उशिरा पोहोचते. साखर उतरताना हा उशीर बाणाने भरून निघतो. चढताना मात्र पंचाईत होते. नानांना ग्लुकोज पाजलं, ते सावध झाले, बोलू लागले, तरी सेन्सर ५८-५८ दाखवत राहतो आणि घाबरून आपण पाजतच जातो. म्हणून साखर दिल्यावर ती वर आली का हे बोट टोचूनच बघायचं. नाहीतरी त्या वेळी माणूस जागाच असतो. खालच्या आकड्यांत सेन्सर तसाही थोडा डळमळीत असतो, आणि नवा लावल्यावर पहिला दिवस त्याचं फार मनावर घ्यायचं नाही. लक्षणं एक सांगताहेत आणि सेन्सर दुसरंच, असं झालं की मशीन काढायचं. हे त्या कंपन्यांच्या कागदावरही लिहिलेलं असतं.

दंड अंगाखाली दबला की सेन्सर खोटाच खाली उतरतो आणि अपरात्री बोंब मारतो. डायबेटिसवाल्यांची ही मोठी तक्रार असते. आमच्याकडे ती जवळजवळ आली नाही, आणि त्याचं कारण गाठच होती. छातीत एका बाजूला एवढी मोठी गाठ असली की माणूस बहुधा गाठीच्याच कुशीवर झोपतो. दुसऱ्या कुशीवर वळला तर त्याचा दम कोंडतो, कारण चांगल्या फुप्फुसावर सगळा भार येतो. नाना रात्रभर उजव्या कुशीवर. सेन्सर डाव्या दंडाला. तुमचा रोगी कोणत्या कुशीवर झोपतो ते आधी दोन रात्री बघा आणि वरच्या हाताला सेन्सर लावा. या एका गोष्टीने बरेच खोटे अलार्म वाचतात.

घाम ही मात्र आपल्या भागातली खरी अडचण आहे. साखर उतरली की घाम सुटतो, आणि चैत्र लागला की जळगाव जिल्ह्यात तो तसाही सुटतो. कडेने चिकट सुटायला लागलं की वरून मेडिकलची रुंद चिकटपट्टी गोल कापून लावायची, मधलं भोक झाकायचं नाही. बंडीची घट्ट बाही त्यात अडकून एक सेन्सर मुदतीआधीच निघाला, तेव्हापासून नाना सैल बाहीचा सदरा घालू लागले. उन्हाने मशीनही सुटत नाही, हे तोलताना धरायला हवं. बहुतेक मशीन ४० अंशांच्या आसपासपर्यंतच काम करतात. पत्र्याच्या खोलीत दुपारी दोन वाजता मशीन आकड्याऐवजी थर्मामीटरचं चिन्ह दाखवून गप्प बसायचं. पट्ट्याही ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात. गारव्यासाठी माठाशेजारी ठेवू नका, ओल लागून त्या खराब होतात. घरातल्या सगळ्यांत आतल्या, कोरड्या खोलीत ठेवा. फ्रीजमध्येही नकोत.

मोबाइलचं सांगायलाच हवं, कारण इथे पैसे वाया जातात. बरेच सेन्सर वाचायला मोबाइलमध्ये एनएफसी, म्हणजे नुसता जवळ नेऊन वाचायची सोय, असावं लागतं, आणि आपल्याकडे घरोघरी असलेल्या स्वस्त मोबाइलमध्ये ते बऱ्याचदा नसतं. सेन्सर घ्यायच्या आधी सेटिंगमध्ये शोधून बघा. नसेल तर वेगळं रीडर यंत्र घ्यावं लागतं. नानांचा स्वतःचा फोन बटणांचा, त्यामुळे माझा फोन रात्री त्यांच्या खाटेपाशीच राहायचा. अलार्म ऐकू यायला फोन त्याच खोलीत लागतो. उन्हाळ्यात घराच्या धाब्यावर झोपायला गेलात तर फोनही वर न्यावा लागतो, खाली चार्जिंगला ठेवून उपयोग नाही. इंटरनेट मात्र आकडा बघायला लागत नाही. ते लागतं फक्त पुण्या-मुंबईच्या भावा-बहिणीला आकडे दाखवायला. रात्री वीज जाते तेव्हा फोन भरलेला असावा एवढी काळजी पुरते.

खर्चाच्या बाबतीत मशीन स्वस्त, यात वाद नाही. पण अंतर वाटतं तेवढं राहत नाही. नुसत्या गोळ्यांवरचा डायबेटिसवाला दिवसाकाठी फार तर एखादी पट्टी वापरतो. आपल्याला दिवसरात्र मिळून आठ-दहा लागतात, वर वाया गेलेल्या वेगळ्या. आम्हाला पट्टी विसाच्या आसपास पडायची, म्हणजे पंधरवड्याला अडीच-तीन हजार गेलेच. सेन्सर पाच हजारांच्या आत-बाहेर पडायचा. महाग आहेच, दुपटीच्या जवळ. ज्या घरात प्रवासाला, तपासण्यांना आधीच कर्ज काढलं आहे तिथे हा फरक छोटा नाही, आणि त्यांनी मशीनवर निभावलं तर त्यात काही कमीपणा नाही. पण ऑपरेशनपर्यंतचाच काळ काढायचा असतो, वर्षानुवर्षं नाही, हे लक्षात घेऊन हिशेब करा. निदान सगळ्यांत वाईट पंधरवडा तरी सेन्सरवर काढता आला तर बघा. त्या आलेखावरून खाण्याच्या वेळा बसल्या की पुढे मशीनवर भागू शकतं.

एका बाबतीत दोन्ही साधनं सारखीच अपुरी आहेत. निदान यांच्यावर होत नाही. त्यासाठी शिरेतून रक्त घ्यावं लागतं, आणि इन्सुलिन, सी-पेप्टाइड, कीटोन, आयजीएफ-१, आयजीएफ-२ या तपासण्यांचं रक्त साखर खाली असतानाच, साखर द्यायच्या आधी घेतलं तर त्याला अर्थ असतो. हे घरी करायचं काम नाही, दवाखान्यात डॉक्टरांच्या नजरेखालीच व्हायला हवं. तुमचं निदान झालेलं असेल तर हा मुद्दा सोडून द्या. नसेल झालेलं, तर सेन्सर एवढंच सांगू शकतो की साखर साधारण किती वाजता उतरते, म्हणजे भरती केल्यावर डॉक्टरांना वेळ साधता येते.

स्कॅनची तारीख आणि सेन्सरची तारीख एकमेकांशी जुळवून घ्या. सिटी स्कॅन, एमआरआयच्या आधी बरेच सेन्सर काढून टाकायला सांगतात, आणि एकदा काढलेला सेन्सर पुन्हा लागत नाही. स्कॅन सोमवारी असेल तर शनिवारी नवा सेन्सर लावू नका. ते दोन दिवस मशीनवर काढा. आमचा स्कॅन नेमका जुन्या सेन्सरच्या शेवटच्या दिवशी बसवता आला, कारण तारीख देणाऱ्या ताईंना आम्ही तसं सांगितलं आणि त्यांनी सांभाळून घेतलं.

प्रवासात सेन्सरला तोड नाही. जळगावहून मुंबईला रात्रीच्या गाडीने जाताना नाना खालच्या बर्थवर. डब्यातले दिवे बंद, समोर अनोळखी माणसं झोपलेली. हात धुवायला उठवायचं तर डोलत्या गाडीत पार टोकापर्यंत न्यायचं. त्याऐवजी दर तासाने शालीवरून मोबाइल टेकवायचा. इगतपुरीच्या आधी बाण खाली वळला, तेव्हा त्यांना उठवून ग्लुकोजचं पाणी आणि मागोमाग दशमी दिली. दोन्ही द्यावं लागतं. नुसत्या साखरेने आकडा चढतो, पण गाठ तिचं काम करतच असते, तासाभरात पुन्हा उतरण लागते. मागोमाग सावकाश पचणारं काहीतरी पोटात हवंच. हे झालं माणूस सावध असताना. गिळता येत नसेल, बेशुद्धी असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा. तिथे शिरेतूनच साखर द्यावी लागते. त्या वेळी हातात मशीन आहे की सेन्सर, याने काही फरक पडत नाही.

दवाखान्यात भरती झाल्यावर सेन्सरचं महत्त्व संपलं, हेही सांगायला हवं. वॉर्डात त्यांचं स्वतःचं मशीन, ऑपरेशन थिएटरात धमनीतलं रक्त. आमचा आकडा त्यांनी कुतूहलाने बघितला, पण औषधपाणी त्यावर ठरवलं नाही, आणि ते योग्यच होतं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी तो काढायला लावला. गाठ देठाने फुप्फुसाच्या आवरणाला लटकलेली होती, ती सर्जनांनी आख्खी काढली. काही तासांतच साखर आपणहून वर आली आणि सलाईनमधून चाललेली साखर कमी करत बंद झाली. पूर्ण गाठ निघाली की हे असंच होतं, आणि या आजाराचा खरा इलाज तोच आहे. कॉर्नफ्लोअर, स्टिरॉइड, मशीन, सेन्सर हे सगळे तोवरचे आधार.

ऑपरेशननंतर मात्र मी मशीनकडे परत आलो, आणि तुम्हालाही तेच सुचवेन. ही गाठ काही जणांना पुन्हा होते, कधी बऱ्याच वर्षांनी होते, म्हणून ठरावीक काळाने स्कॅन करत राहावं लागतं. पुन्हा उतरू लागलेली साखर ही तिची एक खूण असू शकते. त्यासाठी महागाचा सेन्सर कायम लावून ठेवण्यात अर्थ नाही. सकाळी उपाशीपोटी, अधूनमधून, एक टोचा. आता घाई नसते, दिवसा उजेडी नाना स्वतः हात धुऊन येतात, बोट पुढे करतात, आणि पहिल्या टोच्यात रक्त आलं नाही तरी कुणाचा जीव टांगणीला लागत नाही. तेव्हा मशीन घेतलेलं वाया जात नाही. सेन्सर घेतलात तरी ते घरात लागतंच.

म्हणजे दोन्ही घ्या असं सांगतोय का? ज्यांना परवडतं त्यांना हो. एकच घ्यायचं असेल, रोगी तरुण असेल, बोटं मऊ असतील, रात्री उठवलं तर कुरकुर न करता हात पुढे करणारा असेल, घरात रात्रपाळी वाटून घ्यायला चार माणसं असतील, तर मशीनवर निभाव लागेल. आमच्यासारखं असेल, म्हणजे म्हातारा माणूस, राबलेले हात, बघायला दोघं-तिघंच, तर ऑपरेशनपर्यंत सेन्सरकडे झुका, असं मला वाटतं. पहिला सेन्सर सकाळी लावा, संध्याकाळी नको. सुरू व्हायला तासभर लागतो आणि पहिल्या दिवशी तो चुकतो, ते चुकणं दिवसा माणसं जागी असतानाच होऊन जाऊ द्या. त्या दिवशी दोन-तीनदा बोट टोचून दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहून ठेवा, म्हणजे तुमचा सेन्सर किती वर-खाली बोलतो ते रात्र पडायच्या आत कळेल. आणि अलार्मचा आवाज आधी स्वतः ऐकून घ्या. आमच्या फोनवर तो सुरुवातीला इतका बारीक होता की पंख्याच्या आवाजात ऐकू येत नव्हता.